एका रुपयाचं गणित
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मुखेड तालुक्यातल्या शाळांत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज. त्याच माणसाचं एका रुपयाचं गणित कसं चुकलं, त्याची ही हकीगत.

एका दुपारी फोन आला. पलीकडची मुलगी मोठ्या अदबीने बोलत होती. "सर, गुडघ्यांचा त्रास आहे का?" साठी उलटलेल्या माणसाला हे विचारलं तर नाही कोण म्हणेल? पण मला वाटलं, हिला माझंच दुखणं कळलं. दरमहा आरोग्याचं मासिक घरपोच आणि फोनवर हाडांच्या डॉक्टरांचा सल्ला, असा सौदा होता. पहिल्या महिन्याची वर्गणी फक्त एक रुपया. मुखेडहून डॉक्टरांना दाखवायला नांदेड नाहीतर लातूर गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. तिने मोबाइलवर विनंती पाठवली, मी पिन टाकला, रुपया गेला. "ओळखीच्या एखाद्याचा नंबर द्या सर, तुमचा एक महिना वाढवून देते." मी आमच्या शाळेच्या निवृत्त शिपायाचा नंबर दिला. त्याचेही गुडघे दुखतात.

मासिक आलं नाही, डॉक्टरांचा फोनही नाही. रुपयाच तर गेला म्हणून मी विसरलो. पाच महिन्यांनी बँकेत पासबुक भरून घेतलं, तर दरमहा ४९९ रुपये कापलेले. चार वेळा. एकूण १,९९६, आणि वर तो एक रुपया.

मी आवाज चढवला. कारकुनाने शांतपणे माझाच मोबाइल माझ्यापुढे धरला. "सर, ही मंजुरी तुम्हीच दिलीय." रुपयाच्या विनंतीखाली बारीक इंग्रजी अक्षरांत पुढचा हप्ता लिहिलेला होता. याला 'ऑटोपे' म्हणतात. यूपीआयवर ही सोय २०२० साली आली. वीजबिल, विम्याचा हप्ता वेळेवर जावा म्हणून ती उपयोगाचीच आहे. एकदा पिन टाकून मंजुरी दिली की ठरलेल्या तारखेला पैसे आपोआप जातात. मात्र कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवावं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मलाही कळवलं होतं. ते मेसेज जाहिरातींच्या ढिगात न वाचता पडून होते. कारकुनाने ॲपमधली ऑटोपेची यादी उघडून मंजुरी रद्द केली. एक मिनिटही लागलं नाही.

शिपायाच्या घरी जायला मात्र मला दोन दिवस लागले. त्याचे दोन हप्ते, म्हणजे ९९८ रुपये, गेले होते. मग खात्यात शिल्लकच उरली नाही, म्हणून थांबले. त्याला ते ठाऊक होतं. "मग बोलला का नाहीस?" मी विचारलं. तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही सांगितलेलं म्हणल्यावर खोटं कसं असंल? मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं असंल."

मी पैसे पुढे केले. त्याने घेतले नाहीत. "तुमचे बी गेलेच की," म्हणाला.

श्रोतेहो, ते वाक्य मला फार महाग पडलं. मी लाजेने दोन दिवस गप्प, तो माझ्या मानापोटी कित्येक महिने गप्प. तेवढ्या काळात तो गोड आवाज आणखी किती घरांत पोचला असेल!

या प्रकाराला सरकारदरबारी नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा क्लृप्त्यांची यादी जाहीर केली, तिच्यात 'वर्गणीचा सापळा' आहे. आम्ही दोघांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. कोणी फसवून खात्यातून रक्कमच काढून नेली, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. तिथे उशीर नडतो.

एवढं लक्षात ठेवा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकणं म्हणजे सही करणं, आणि न वाचता सही करू नये हे मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो.

आता दर महिन्याच्या एक तारखेला शिपाई माझ्याकडे येतो. दोघांच्या मोबाइलवरची ऑटोपेची यादी आम्ही उघडून पाहतो, मग चहा घेतो. तुम्हीही आज संध्याकाळी पाहा. नको ते काही सापडलं, तर शेजाऱ्याला सांगायला लाजू नका.