बाबांचा कॅमेरा आणि सात नंबरचं कलम

(नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना जे ‘म्हणजे’ आणि ‘ना’ येतात ते थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

आज पाहुणा कुणी नाही, मी एकटीच आहे. आणि आज एक कबुली द्यायची आहे.

गेली दोन-तीन वर्षं तुम्ही बघताय, रील्सवर जुने डिजिटल कॅमेरे परत आलेत. थिबा पॉईंटला संध्याकाळी गेलात तर एखादा ग्रुप हमखास दिसतो, कुणाच्या तरी काकांचा चंदेरी कॅमेरा घेऊन, फ्लॅश मारून फोटो काढणारा. मीही त्यातलीच. फरक एवढाच, की मी नेलेला कॅमेरा कपाटात पडून असलेला नव्हता. तो रोजगारावर होता. आणि मी तो बिघडवून आणला.

तर कॅमेरा कुठला ते आधी सांगते. कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस. २००७ चं मॉडेल. पुढच्याच वर्षी कंपनीने त्याच्या जागी ए५९० आणला, म्हणजे हा दुकानात तसा थोडेच दिवस होता. ७.१ मेगापिक्सेल, चारपट झूम, मागे अडीच इंचांची स्क्रीन. आज हे आकडे वाचून हसू येतं, मला माहितीये. पण त्याला वरच्या कोपऱ्यात डोळा लावून बघायचं एक छोटंसं भोक आहे, व्ह्यूफाइंडर. मोड बदलायच्या चकतीवर ‘एम’ आहे, म्हणजे सगळं आपल्या हाताने ठरवता येतं. आणि त्यात साधे पेन्सिल सेल बसतात. दोन.

बाबांनी तो घेतला या सेलसाठी. २००८ साली रत्नागिरीत लोडशेडिंग काय होतं ते तुमच्यातल्या ज्यांना आठवत नाही, त्यांनी घरी विचारा. बाबांचं म्हणणं, वाण्याकडे मिळेल ती बॅटरी चालली पाहिजे. साध्या सेलवर जेमतेम शंभरेक फोटो निघायचे, मग त्यांनी चार्ज होणारे सेल आणले, त्यावर तिपटीपेक्षा जास्त. ते आठ सेल ते अजून क्रमाने फिरवतात. प्रत्येकावर पेनाने नंबर आहे. होय, माझे बाबा तसे आहेत.

आमची बाग गोळपच्या सड्यावर. मोठी नाही. हापूसची कलमं, त्यातली बारा जुनी, आजोबांनी लावलेली. कॅमेरा आल्यावर बाबांनी या बारा कलमांसमोर प्रत्येकी एक चिरा जमिनीत पुरला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, प्रत्येक महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला सकाळी नऊ वाजता त्या चिऱ्यावर उभं राहायचं आणि समोरच्या कलमाचा एक फोटो काढायचा. झूम नाही. आयएसओ ८०. व्हाइट बॅलन्स ऊन असेल तर उन्हाचा, ढग असतील तर ढगांचा, ऑटो कधीच नाही. कुठल्या दिवशी काय ठेवलं ते वहीत. एका हंगामाचे बहात्तर फोटो. २००८ च्या डिसेंबरपासून २०२३ च्या डिसेंबरपर्यंत हजाराच्या वर गेले.

लहानपणी मला याचा भयंकर कंटाळा यायचा. एकाच झाडाचे इतके फोटो? आमच्या घरात माणसांचे फोटो कमी आणि आंब्यांचे जास्त आहेत. दहावीच्या निरोपसमारंभाचा माझा एकच फोटो आहे आणि त्यातही मागे नऊ नंबरचं कलम आलंय.

आता सात नंबर.

हापूस एक वर्ष भरभरून येतो आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतो, हे बागायतदारांना पाठ असतं. त्यामुळे एखादं कलम दोन-तीन वर्षं कमी आलं तरी माणूस म्हणतो, येईल पुढच्या साली. सात नंबरचं असंच चाललं होतं. सल्ला द्यायला आलेल्या माहितगार माणसाने सांगितलं, झाड दाट झालंय, आत ऊन जात नाही, छाटणी करून पुनरुज्जीवन करा. पुनरुज्जीवन म्हणजे काय, तर जुन्या फांद्या बऱ्याच खालपर्यंत कापायच्या, नवी फूट येऊ द्यायची, त्यातली चांगली तेवढी ठेवायची. नंतर दोन-तीन वर्षं त्या झाडाकडून काहीही मागायचं नाही. बाबा सरळ नाही म्हणाले. आजोबांच्या हातचं झाड, त्यावर करवत चालवणार नाही.

२०२१ च्या पावसाळ्यात मी घरातच होते, कामही नव्हतं फार. बाबांच्या कार्डांवरून सात नंबरचे सगळे पंधरा जानेवारीचे फोटो मी एका फोल्डरमध्ये ओढले आणि लॅपटॉपवर एकामागून एक पुढे सरकवत गेले. २००९, २०१०, २०११... मंडळी, एकही चौकट हललेली नव्हती. बुंधा तिथेच, मागचा गडगा तिथेच. हलत होता फक्त मोहोर. सुरुवातीला झाडभर. मग पोटातून नाहीसा. मग खालच्या फांद्यांवरून. शेवटी नुसता टोपीसारखा शेंड्यावर. बारा-तेरा वर्षांत काय झालं ते अर्ध्या मिनिटात दिसलं.

बाबांनी ते चार वेळा बघितलं. काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी छाटणीवाल्यांना फोन केला.

म्हणजे आता हिशेब करा. छाटणी २०२१. त्यानंतरचा पहिला बरा मोहोर अपेक्षित होता तो जानेवारी २०२४ मध्ये. बाबा दिवाळीपासून त्या झाडाखाली चकरा मारत होते.

आणि १३ जानेवारीला, संक्रांतीच्या तोंडावर, मी तो कॅमेरा भाट्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेले.

विचारून नेला होता, हे आधीच सांगते. बाबा एवढंच म्हणाले, “वाळूत ठेवू नकोस हो.” मी वाळूत ठेवला नाही. पण संध्याकाळचा वारा होता, लेन्स बाहेर काढलेला कॅमेरा हातात घेऊन मी तासभर फिरले, आणि मैत्रिणीने एकदा तो ओढणीवर ठेवला, जी ओढणी वाळूवर होती. घरी येऊन बंद केला तर लेन्स अर्धी आत जाऊन थांबली. आतून कर्र असा आवाज. स्क्रीनवर लेन्स एरर. चूक शंभर टक्के माझी. अशा कॅमेऱ्याची लेन्स एकात एक सरकणाऱ्या नळकांड्यांची असते, मधल्या फटीत वाळूचा एक कण पुरतो.

दुसऱ्या दिवशी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका दादांनी हवा मारून, ब्रशने झाडून दिला. तीनदा उघडला. चौथ्यांदा नाही.

पंधरा तारखेला सकाळी बाबांनी माझा फोन घेतला आणि चिऱ्यांवर जाऊन बारा फोटो काढले. काही बोलले नाहीत, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटत होतं. फोटो मात्र सुंदर आले. सात नंबर तर सोन्यासारखं चमकत होतं. मी म्हटलं, बाबा बघा, किती मोहोर! त्यांनी फोन हातात धरला, मग झाडाकडे बघितलं, परत फोनकडे.

“अगं, अर्धी पालवी आहे ती,” ते म्हणाले. “तुझा फोन पावडर लावतो.”

खरंच होतं. जानेवारीत मोहोराबरोबर कोवळी तांबूस पालवीही फुटलेली असते. लांबून दोन्ही सारखीच वाटतात, पण बागायतदाराला त्यातला फरक म्हणजे पेट्यांचा फरक. आजचा फोन एक फोटो काढत नाही. बटण दाबताच तो बरेच फोटो काढतो, ते एकावर एक रचतो, सावल्या उजळतो, समोर आकाश आहे की पान आहे की चेहरा हे ओळखून प्रत्येकाला वेगळा रंग देतो. वाढदिवसाला हे उत्तम आहे. पण पुढच्या वर्षी सॉफ्टवेअर अपडेट झालं की त्याच झाडाला तोच फोन वेगळा रंग देणार. मग वाढलं काय, मोहोर की अपडेट?

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण कमेंटमध्ये येणारच. जुन्या कॅमेऱ्यांमध्ये सीसीडी सेन्सर असतो, त्याचे रंग जादुई असतात वगैरे तुम्ही ऐकलं असेल. सीसीडीचा शोध १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये लागला, त्याला २००९ चं नोबेलही मिळालं, सगळं खरं. पण ती जादू मला फारशी पटत नाही. तो ‘लुक’ बराचसा फ्लॅशचा, लहान सेन्सरचा आणि त्या काळच्या रंगप्रक्रियेचा आहे. बाबांच्या कॅमेऱ्याचे रंग फोनपेक्षा चांगले नाहीत, उलट थोडे फिकेच. पण ते दर वर्षी सारखेच फिके आहेत.

मग मी शोधायला लागले. दुसरा ए५७०.

हे वाटतं तितकं सोपं नाही. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या ‘सिपा’ या संघटनेचे आकडे बघा. २०१० साली लेन्स न बदलणारे असे साधे कॅमेरे जगभरात जवळपास ११ कोटी रवाना झाले होते. २०२३ साली सुमारे १७ लाख. म्हणजे जुने खूप बनलेले आहेत, पण ते कुठल्या तरी कपाटात सेल गळून गंजलेत. आणि आपल्या रील्समुळे उरलेल्यांच्या किमती चढल्यात. जो कॅमेरा भंगारात गेला असता त्याला ‘व्हिंटेज’ लिहून लोक चार-पाच हजार मागत होते. त्या भाववाढीत माझाही वाटा आहे, कबूल.

तुम्ही घेणार असाल तर माझ्या अनुभवातून थोडं. कार्ड कुठलं लागतं ते आधी बघा. एसडी असेल तर बरं. जुन्या ऑलिंपस आणि फुजीला एक्सडी कार्ड, २०१० च्या आधीच्या बहुतेक सोनीला मेमरी स्टिक, ती शोधताना दमछाक होते. एसडी असलं तरी ६४ जीबीचं नवं कार्ड अशा कॅमेऱ्याला बहुधा ओळखता येत नाही, ३२ पर्यंतचं किंवा त्याहून लहान घ्या. आमचं २ जीबीचं आहे, त्यात सहाशेच्या आसपास फोटो बसतात. सेलचा कप्पा उघडून हिरवा गंज बघा. आणि आपल्या हवेत मुख्य म्हणजे लेन्सवरची बुरशी. पावसाळ्यात बाबा सेल काढून ठेवतात आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येणाऱ्या त्या सिलिकाच्या पुड्यांसोबत. तांदळात ठेवू नका. तांदळाचा पिठूळ भुगा वाळूचाच भाऊ आहे.

या शोधात एक गंमत कळली. कॅननच्या या छोट्या कॅमेऱ्यांसाठी हौशी लोकांनी सीएचडीके नावाचा एक फुकट प्रोग्रॅम लिहिलाय. तो कार्डावर टाकायचा, कॅमेऱ्याला कायमचं काही होत नाही, पण तो ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढायला शिकतो. २००९ मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी असाच एक पेन्सिल सेलवाला कॅनन, ए४७०, हवामानाच्या फुग्याला बांधून वर सोडला आणि पृथ्वीच्या गोलाईचे फोटो आणले. सगळा खर्च दीडशे डॉलर. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, “परत मिळाला का त्यांना?” मिळाला म्हटल्यावर समाधान झालं.

शेवटी कॅमेरा सापडला कोल्हापुरात. स्टुडिओ बंद केलेल्या एका फोटोग्राफरकडे. दोन हजार आठशे. कुरियर नको म्हटलं, एसटीने आंबा घाट चढून गेले, त्यांच्यासमोर वीस वेळा लेन्स उघड-बंद केली. त्यांनी चहा पाजला आणि विचारलं, रील्ससाठी का? मी म्हटलं, आंब्यासाठी. त्यांना वाटलं मी पैशांऐवजी आंबे देणार आहे. (मेमध्ये एक पेटी पाठवली, ते सोडा.)

१ फेब्रुवारीला सकाळी नऊ वाजता बाबा नव्या जुन्या कॅमेऱ्यासह चिऱ्यावर उभे राहिले. तेच आयएसओ, तोच व्हाइट बॅलन्स. संध्याकाळी लॅपटॉपवर डिसेंबरच्या फोटोंशेजारी लावून बघितले. चौकट किंचित तिरकी, रंगात अगदी बारीक फरक, बाकी तेच. सात नंबरच्या पोटात, जिथे दहा वर्षं काळोख होता, तिथे मोहोर होता. फार नाही. पण होता, आणि पालवी वेगळी दिसत होती.

१५ जानेवारी २०२४ चा खरा फोटो मात्र नाहीच. त्या तारखेला सात नंबर नेमकं किती फुललं होतं ते आता कुणालाच सांगता येणार नाही. बाबांनी वहीत त्या ओळीवर लिहिलंय, ‘फोन. धरू नये.’ आणि त्याखाली, ‘१ फेब्रु. पासून कॅमेरा दुसरा.’ कुणामुळे ते लिहिलेलं नाही.

कोल्हापूरच्या कॅमेऱ्याच्या सेलच्या झाकणाची खिट्टी तुटलेली होती, मी रबरबँड लावून चालवत होते. मार्चमध्ये बाबा दोन्ही कॅमेरे घेऊन त्या मोबाइलवाल्या दादांकडे गेले आणि जुन्याचं झाकण काढून नव्याला बसवून आणलं. जुना डब्यातच आहे, लेन्स अर्धी बाहेर, झाकणाशिवाय. मी एकदा म्हटलं, आता तो काढून टाकूया का? तर म्हणाले, “असू दे. स्क्रीन चांगली आहे त्याची, लागेल कधीतरी.”

परवा एक तारीख आहे. यावेळी फोटो मी काढणार आहे, बाबांचा मोतीबिंदूचा डोळा अजून बरा व्हायचाय. चिऱ्यावर कसं उभं राहायचं ते त्यांनी मला काल तीनदा सांगितलं. भेटू पुढच्या गुरुवारी.