शाळेचें छप्पर आणि कराचा पैसा

डोंगरउतारावरील एक प्राथमिक शाळा दरमहा एक इंच या गतीनें खालीं सरकत आहे, असें वाक्य एखाद्या न्यायालयाच्या निकालपत्रांत सांपडेल, असें सहसा कोणास वाटणार नाहीं. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं ओहायो या संस्थानाच्या सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च १९९७ रोजीं ‘डिरॉल्फ’ खटल्यांत जो निकाल दिला, त्यांत अथेन्स परगण्यांतील एका शाळेविषयीं अशीच नोंद आहे. रात्रभर सांचलेल्या कोळशाच्या धुळीनें माखणाऱ्या बाकांचेंहि वर्णन त्यांत आहे. इतक्या संपन्न राष्ट्रांत शाळांची अशी दुर्दशा कां व्हावी? या प्रश्नाचें उत्तर शोधूं जातां वाट थेट घरपट्टीच्या हिशेबापाशीं येऊन थांबते.

अमेरिकेंत शाळा चालविण्याचें काम बहुतेक ठिकाणीं ‘शाळा-विभाग’ नांवाच्या स्थानिक संस्थेकडे असतें. एखादें शहर किंवा चार-दोन खेडीं मिळून असा विभाग होतो व त्याचें मंडळ लोक निवडून देतात. ओहायोंत मंडळास इमारतींसाठीं जादा कर हवा असेल, तर त्यास मतदारांपुढें जावें लागतें. कराचा हेतु, त्याचा दर आणि त्याची मुदत हीं तिन्ही मतपत्रिकेवर स्पष्ट लिहिलेलीं असतात. कराचें माप ‘मिल’ हें आहे. करपात्र किंमतीच्या हजार डॉलरांमागें एक डॉलर म्हणजे एक मिल. घराची करपात्र किंमत बाजारभावाच्या ३५ टक्के धरतात. म्हणजे एक लाख डॉलरांच्या घरावर एक मिल कर बसला, तर घरमालकास सालीना ३५ डॉलर द्यावे लागतात.

इमारतींसाठीं बसविलेल्या या कराला तेथें ‘कायम सुधारणांचा कर’ असें म्हणतात. हा पैसा कशावर खर्चावा, याची कायद्यानें घालून दिलेली कसोटी मोठी सुटसुटीत आहे. ज्या वस्तूचा अथवा सुधारणेचा उपयोग अंदाजें पांच वर्षें किंवा अधिक काळ होईल, तीच कायम सुधारणा. नवी वर्गखोली, नवें छप्पर, शाळेसाठीं घेतलेली जमीन हीं या कसोटीस सहज उतरतात. मुलांची ने-आण करणारी मोटारगाडीहि उतरते. शिक्षकांचा पगार, दिव्यांचें बिल, जळण, खडू आणि कागद हीं मात्र उतरत नाहींत. फुटलेली एक कांच बदलणें ही डागडुजी होय. साऱ्या शाळेच्या जुन्या खिडक्या काढून नव्या बसविणें ही सुधारणा होय.

कसोटी नुसती सांगून भागत नाहीं. ती पाळली जावी म्हणून पैसा वेगळा ठेवावा लागतो. विशिष्ट हेतूनें घेतलेल्या कराचें उत्पन्न स्वतंत्र निधींत जमा झालें पाहिजे व त्याच हेतूसाठीं खर्च झालें पाहिजे, असा तेथील कायदा आहे. कोणताहि करार करण्यापूर्वीं, लागणारी रक्कम मंजूर आहे आणि ती खजिन्यांत आहे किंवा वसूल होत आहे, असा दाखला खजिनदारानें द्यावयाचा असतो. पुढें संस्थानाचा हिशेबतपासनीस सारें दप्तर तपासतो. कौलांसाठीं बाजूला काढलेली रक्कम दिवाळीच्या खरेदींत जाऊं न देणाऱ्या गृहिणीची जी शिस्त, तीच येथें कायद्यानें घालून दिली आहे.

या शिस्तीवर एक आक्षेप नेहमीं येतो. शिक्षक कमी केले जात असतां त्याच शाळेवर नवें छप्पर चढतांना पाहिलें म्हणजे नागरिक रागावून विचारतो, “छपराच्या पैशांतून शिक्षकांचा पगार कां देत नाहीं?” आक्षेप अगदींच निराधार नव्हे. निधींमधील भिंत कधींकधीं निष्ठुर भासते. परंतु ती पाडली तर दोन गोष्टी गमवाव्या लागतील. पहिली म्हणजे मतदाराचा विश्वास. छपरासाठीं दिलेला होकार पगारासाठीं वापरला गेला, तर पुढील वेळीं तो होकार देणार नाहीं. दुसरी म्हणजे स्वतः इमारत. पगाराची निकड आज बोलून दाखविली जाते. तडकलेलें छप्पर मात्र पाऊस येईपर्यंत मुकें असतें. जें मुकें असतें, त्याचा वांटा प्रथम कापला जातो.

तथापि नियम कितीहि चोख असला, तरी तो पैसा निर्माण करीत नाहीं. ज्या विभागांतील करपात्र मालमत्ता ५० कोटी डॉलरांची आहे, तेथें एक मिल कर पांच लाख डॉलर देईल; जेथें ती पांच कोटींचीच आहे, तेथें तोच दर पन्नास हजारांवर थांबेल. दर सारखा, मतदारांची तयारी सारखी. पण एका शाळेची इमारत नवी होते आणि दुसरी उतारावरून सरकत राहते. न्यायालयानें चार विरुद्ध तीन मतांनीं ही पद्धति संस्थानाच्या घटनेशीं विसंगत ठरविली, ती या विषमतेमुळेंच.

त्याच वर्षीं ओहायोनें शाळांच्या इमारतींसाठीं स्वतंत्र मंडळ स्थापिलें आणि निर्धन विभागांस अधिक वांटा देण्याचें धोरण ठेवलें. या मदतीस एक बोधप्रद अट जोडलेली आहे. नव्या इमारतींची निगा राखण्यासाठीं विभागानें सामान्यतः अर्धा मिल कर २३ वर्षें बसवावयाचा असतो. एक लाख डॉलरांच्या घरावर ही रक्कम वर्षाला साडेसतरा डॉलर होते. इमारत उभी राहते त्या दिवशीं समारंभ होतो, फीत कापली जाते. पुढील २३ वर्षें पन्हळी साफ ठेवण्याचा आणि गळती वेळींच बुजविण्याचा समारंभ कोणी करीत नाहीं. आज पहिलीच्या वर्गांत बसणाऱ्या मुलाचें मूलहि त्याच छपराखालीं कोरड्या बाकावर बसावें, यासाठीं तो साडेसतरा डॉलरांचा हिशेब दरवर्षीं चुकता व्हावा लागतो.