खाणावळ का बंद पडते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. विद्वत्तेचे भाषण माझ्याच्याने व्हायचे नाही. पण विषय चुलीचा आहे, म्हणून दोन शब्द बोलते.

शहरातली जुनी हॉटेले एकामागून एक बंद होत आहेत. मुंबईत धोबीतलावचे बस्तानी हे इराणी हॉटेल २००४ साली बंद झाले, जहांगीर कलादालनातले समोवार २०१५ साली. लोक हळहळतात. पण असे का होते, ते आपण बायकांनी समजून घ्यावे.

घरात डाळ महागली तर आपण आमटी पातळ करतो. पानावरून कोणी उठत नाही. हॉटेलात गिऱ्हाईक उठते. भाव वाढवला तरी उठते, चव उतरली तरी उठते. भाडे, पगार, गॅस मात्र गिऱ्हाईक येवो न येवो, द्यावेच लागते. २०१९ साली अवकाळी पावसाने कांदा सडला. डिसेंबरात मुंबईला तो किलोला शंभराच्या वर गेला. इकडे आपल्या तालुक्यात शेतकऱ्याच्या हाती पीक नव्हते, तिकडे भजीवाल्याच्या कढईत कांदा नव्हता. पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी आली. राज्यात हॉटेलात बसून जेवायची मोकळीक मिळाली ती ५ ऑक्टोबर २०२० ला, आणि तीही निम्म्या खुर्च्यांवर. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा नुसते पार्सल. इतके महिने बसून कोण खाऊ शकेल?

मोठ्या हॉटेलांबद्दल वर्तमानपत्रात छापून येते. घरगुती खाणावळ बंद पडली तर शेजारणीलाच कळते. मुंबईच्या गिरणगावात अशा पुष्कळ बाया गिरणी कामगारांना जेवू घालीत. कामगार पैसे देणार पगाराला. तोवर बाईने वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज सोसायचे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, बायांना एकमेकींच्या जामिनावर बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि सावकाराचा फास सैल केला. पुढे १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप झाला. अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. जेवणारे गावी गेले. पगारच नाही, तर खाणावळीचे पैसे कुठून यायचे? तेव्हा एकटी बाई कोलमडली असती. पाठीशी मंडळ होते म्हणून पुष्कळशा उभ्या राहिल्या.

भगिनींनो, आपल्या निफाडातही डबे देणाऱ्या बाया आहेत. शेजारीण म्हणून आपण तिला दहा रुपये कमी कर म्हणतो, आणि महिन्याचे पैसे पंधरा तारखेला देतो. किराणा दुकानात असे म्हणायची आपली छाती होते का? डब्याचे पैसे पाच तारखेच्या आत द्यावेत, ही माझी पहिली विनंती. डबे देणाऱ्या बहिणींना सांगणे असे की, तेल-पिठाबरोबर आपल्या हातांची मजुरीही वहीत लिहा. ती न धरता भाव ठरवला, तर वर्षभर राबून शेवटी बांगडी गहाण पडते.

आणि मंडळाला विनंती, की यंदाच्या बचतीतून पहिली उचल अशा एखाद्या बहिणीला द्यावी. हप्ता चुकला तर जामीन राहायला मी तयार आहे; आणखी चौघींनी हात वर करावा.