सहावीतला मुलगा आणि घरातला फोन

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात लखनौजवळच्या मोहनलालगंज भागात सहावीत शिकणाऱ्या एका मुलाने जीव दिला. जमीन विकून आलेले सुमारे १३ लाख रुपये वडिलांनी बँकेत ठेवले होते. मोबाइलवरच्या खेळापायी ते संपले, हे त्यांना बँकेत गेल्यावर कळले.

वर्तमानपत्रांनी तो आकडा ठळक छापला. मला मात्र त्या आकड्यामागचे दिवस अस्वस्थ करतात. यूपीआयवरून दिवसाकाठी साधारणतः एक लाखापर्यंतच रक्कम पाठवता येते. तेव्हा एवढा पैसा एका संध्याकाळी गेला नसणार. तितके दिवस ते पोर घरात वावरत असेल, पानावर बसत असेल, आणि पोटातली भीती कोणापाशी बोलावी हे त्याला उमगले नसेल.

प्राथमिक शाळा सुटली की अभ्यासाच्या सूचना फोनवर येऊ लागतात. पुष्कळ घरांत वडीलच म्हणतात, ‘वाण्याचे पैसे तेवढे पाठव रे!’ पिन त्याला पाठ असतो आणि पाहुण्यांपुढे आपण त्याच्या हुशारीचे कौतुकही करतो. बारा वर्षांच्या मुलाला आपण घराचा खजिनदार नेमलेला असतो, आणि तेही नकळत!

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला. पण खेळातली तलवार, पोशाख, रत्ने विकत घेणे हा निराळा व्यवहार. तो त्या बंदीत येत नाही. तेव्हा मोठी रक्कम मुदत ठेवीत असावी, फोनला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे असावेत आणि बँकेचा प्रत्येक संदेश आपण स्वतः वाचावा. खेळता खेळता ओळख काढून फोटो मागणारा ‘मित्र’ मुलाला भेटला, तर तेही घरात कळावे.

कळेल कसे? शाळा सुरू होण्यापूर्वीच मुलाला स्पष्ट सांगावे: ‘काही बिघडले तर आधी मला सांग, त्या दिवशी मी रागावणार नाही.’ आणि तो दिवस आलाच, तर शब्द पाळावा. फसवणूक झाली असेल तर ताबडतोब १९३० वर कळवावे. लवकर कळवले तर पैसे वाटेत अडवता येण्याचा संभव असतो. मूल गप्प झाले, जेवेनासे झाले, तर १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसचे समुपदेशक विनामूल्य बोलतात, मराठीतूनही.