कुंपण कोणाच्या रक्षणासाठी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बांधकामाभोवतीचे तात्पुरते कुंपण हा विषय अभ्यासवर्गासाठी फार किरकोळ आहे, असे आपणांपैकी काहींना वाटले असेल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव हे प्रश्न समोर असताना पत्रे आणि बल्ल्यांची चर्चा कशासाठी? माझे उत्तर असे की, समाजात कोणाच्या जिवाचे मोल किती धरले जाते, हे मोठ्या घोषणांपेक्षा अशा किरकोळ वस्तूंवरून अधिक अचूक कळते.

आपल्या शहरांत काम सुरू झाले की प्रथम भूखंडाभोवती बल्ल्या किंवा लोखंडी अँगल रोवले जातात, त्यांवर पन्हाळी पत्रे ठोकले जातात आणि पत्र्यांवर भावी सदनिकांचे रंगीत चित्र झळकते. सळई आणि सिमेंट चोरीस जाऊ नये व आतले बाहेर दिसू नये, एवढे साधले की कुंपणाचे काम झाले असे मालक समजतो. सोसाट्याच्या वाऱ्यात ते उभे राहील काय, त्याला पाठ लावून झोपडी बांधणाऱ्या मजुराचे काय, पदपथ गिळला गेल्याने रस्त्यावर उतरलेल्या शाळकरी मुलाचे काय, हे प्रश्न त्याच्या हिशेबात येतच नाहीत. म्हणजे सुरक्षितता आहे, पण ती मालाची आहे, माणसांची नव्हे.

याची तांत्रिक बाजू आपण समजून घेतली पाहिजे, कारण तांत्रिक अज्ञानामुळेच आपल्या मागण्या पुष्कळदा मोघम राहतात. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरला सुमारे २४ किलोचा दाब देतो. तीन मीटर उंच आणि दोन मीटर रुंद अशा पत्र्याच्या एका चौकटीवर हा रेटा जवळजवळ दीडशे किलो होतो. वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. कुंपणाची उंची दुप्पट केली तर रेटा दुप्पट होतो, पण कुंपण उलथवण्याची त्याची शक्ती चौपट होते. मुंबई महानगरपालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धूळ रोखण्यासाठी बांधकामांभोवती २५ ते ३५ फूट उंचीचे पत्रे लावण्याचा दंडक घातला. हेतू उचितच होता. परंतु एवढ्या उंचीचा सलग पत्रा म्हणजे शहराच्या मध्यभागी उभारलेले शीडच होय. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात प्रचंड जाहिरातफलक कोसळून १७ माणसे मेली. तो फलक होता, कुंपण नव्हते. पण वाऱ्याचे गणित दोहोंना एकच लागू पडते.

मग अधिक सुरक्षित कुंपण कसे असावे? त्यात अद्भुत असे काहीच नाही. चौकटी ठरावीक मापाच्या असाव्यात व एकमेकींना बोल्टने जोडलेल्या असाव्यात. तारेने बांधलेल्या नसाव्यात. प्रत्येक जोडापाशी आतल्या बाजूने तिरपा टेकू असावा आणि टेकूच्या पायाशी काँक्रीटचा ठोकळा असावा. वर सांगितलेल्या चौकटीसाठी, टेकू एक मीटर मागे असेल, तर हा ठोकळा सव्वादोनशे किलोच्या आसपास हवा. त्या जागी वाळूचे एखादे पोते ठेवणे ही शुद्ध फसवणूक आहे. वळणावर व फाटकापाशी पत्र्याऐवजी जाळी असावी, म्हणजे येणारे वाहन पादचाऱ्यास दिसेल. फाटक आत उघडणारे असावे व पायी येणाऱ्यांसाठी वेगळे दार असावे. पायाच्या खड्ड्याच्या काठावर कुंपण रोवू नये, कारण माती सुटली की कुंपण प्रथम खड्ड्यात जाते. आणि आतही, वस्ती व खड्डा यांच्यामध्ये, दुसरे कुंपण असावे. कारण मजुरांची मुले याच आवारात वाढतात.

या शेवटच्या मुद्द्याचे गांभीर्य पुण्याला सांगावे लागू नये. जून २०१९ च्या अखेरीस कोंढवा येथे शेजारच्या सोसायटीची भिंत बांधकाम मजुरांच्या पत्र्याच्या झोपड्यांवर रात्री कोसळली. १५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. बहुतेक जण बिहारहून पोटासाठी आलेले होते. ती भिंत पक्की होती. कच्चा होता तो माणसांना कोठे झोपवावे याविषयीचा विचार.

हे सारे ठाऊक असूनही होत का नाही? अर्थशास्त्रज्ञ काप यांनी १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चाची जी मीमांसा केली, तीत याचे उत्तर सापडते. उद्योजक जो खर्च टाळतो तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या अंगावर पडतो. निविदेत पाया, स्लॅब, गिलावा यांच्या स्वतंत्र बाबी असतात. कुंपण बहुधा ठोक रकमेत गडप होते. कंत्राटदार ते पोटकंत्राटदाराकडे ढकलतो, तो मुकादमाकडे, आणि मुकादम भंगारातले पत्रे आणतो. वाचलेले पैसे वर जातात, धोका खाली उतरतो. खर्च परवडत नाही, हा युक्तिवादही टिकणारा नाही. समजा, एक मजबूत चौकट दहा बांधकामांवर वापरली, तर प्रत्येक कामावर तिच्या किमतीचा दहावा हिस्सा व वाहतूक एवढाच भार पडेल. तात्पुरते असते ते कुंपणाचे स्थान. त्याची गुणवत्ता तात्पुरती असण्याचे कारण नाही.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्रीय कायदा झाला आणि कल्याणासाठी उपकरही बसवला गेला. नोव्हेंबर २०२५ पासून ही व्यवस्था नव्या कामगार संहितांत सामावली गेली आहे. पण उपकराचे साहाय्य अनेकदा अपघातानंतर पोचते; कुंपण अपघातापूर्वी उभे राहावे लागते. म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. सार्वजनिक कामांच्या निविदेत कुंपण ही स्वतंत्र, मोजमाप होणारी बाब असावी. उंच कुंपणाचा आराखडा अभियंत्याच्या सहीचा असावा व पावसाळ्यापूर्वी त्याची तपासणी व्हावी. महापालिकांनी प्रमाणित चौकटींचा साठा करून लहान बांधकामांना त्या भाड्याने द्याव्यात. आणि तपासणीच्या वेळी कामगारांचा प्रतिनिधी हजर असावा. कारण कोणता टेकू हलतो हे त्यालाच प्रथम कळते.

आपल्या प्रत्येक शाखेने आपल्या प्रभागातील बांधकामे या पावसाळ्यापूर्वी पायी फिरून पाहावीत. टेकू मोजावेत, ठोकळे आहेत की पोती ते पाहावे, पदपथ मोकळा आहे काय याची नोंद करावी, आणि ती नोंद प्रभाग कार्यालयात लेखी द्यावी. कुंपण तात्पुरते, काम तात्पुरते, झोपडी तात्पुरती, म्हणून मजुराचा जीवही तात्पुरताच, अशी एक समजूत आपल्या शहरांत मुरली आहे. ती मोडण्याचा आरंभ एका ठोकळ्याचे वजन विचारण्यापासूनही होऊ शकतो.