दिवसाची लाईट समोरच्यासाठी असते

(राजापेठ येथील बैठकीतील बोलणे)

भर उन्हात लाईट लावून मोटरसायकल आली की आपण हात दाखवतो, "भाऊ, लाईट सुरू हाय!" आता हे सांगणं सोडा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींची लाईट गाडी सुरू झाली की आपोआप लागते. तसा नियमच आहे.

कारण साधं आहे. मोटरसायकल अरुंद. बडनेरा रोडवर वळणाऱ्या ट्रकवाल्याला ती गर्दीत दिसत नाही, दिसली तरी लांब वाटते. उजेड असला की नजर आधी तिकडं जाते.

आपल्या घरी जुन्या गाड्याही आहेत. त्यांची लाईट हातानं लावावी लागते. बॅटरी उतरंल म्हणून भिऊ नका. इंजिन सुरू असलं की वीज तयार होतच राहते. फक्त डिपरवर ठेवा, समोरच्याचे डोळे दिपू नयेत. काच पुसा. बाजाराची थैली लाईटीपुढं लटकवू नका.

लाईट लावली म्हणून हेल्मेट सुटत नाही, दोन्ही पाहिजे. बचतीचा हप्ता जसा आठवणीनं विचारतो, तसं घरचं माणूस निघताना विचारा, "लाईट लावली का?"