घोयरा झाडावरच राहू द्या

गोव्यातल्या पेडणे-डिचोलीच्या एखाद्या काजूबागेत डुलत चालणारा हिरवा घोयरा सरडा, म्हणजेच शॅमेलिऑन, दिसला की मुलांना तो पाळावासा वाटतो. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणे किंवा पाळणे गुन्हा आहे. शिवाय तो पिंजऱ्यात रमत नाही. त्याला जिवंत किडे, ऊन-सावली आणि पानांवरचे थेंब लागतात. वाटीतल्या पाण्याला तो सहसा तोंड लावत नाही. तो विषारी नाही, त्याला मारू नका. मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, तेव्हा वाहनांखाली सापडू शकते. कुणी घोयरा घरी आणला असेल, तर आजच वनखात्याला कळवा. रस्त्यात दिसला, तर गाडी थांबवून त्याला पलीकडे जाऊ द्या.